गोदीतला बोका आणि माझा आवाज

डॉक्टरांनी माझी जीभ कापडाच्या तुकड्यात धरून बाहेर ओढली, कपाळावरचा गोल आरसा खाली घेतला आणि बराच वेळ घशात पाहिलं. मग जीभ सोडली, हात धुतले आणि मला काही न सांगता माझ्या पत्नीला विचारलं, "हे घरी फार बोलतात का?"

इंदू म्हणाली, "नाही. विचारलं तरी बोलत नाहीत."

"मग यांना सोपं जाईल. छातीतला क्षय घशापर्यंत आला आहे. आजपासून एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. किती महिने, ते मला आत्ता सांगता येणार नाही."

क्षयाचा संशय मला त्या दिवशी पहिल्यांदा आला असं म्हटलं तर ते खोटं होईल. दुर्गापूजेच्या सुट्टीपासून कित्येक महिने माझा आवाज बसला होता. कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत मी माल तपासायचं काम करत असे. तिथे तागाच्या गठ्ठ्यांची धूळ असते, ती घशात जाते, असं मी सगळ्यांना सांगत होतो. धूळ सगळ्यांच्याच घशात जात होती; आवाज एकट्या माझाच बसला होता. हे मला कळत होतं, आणि मला कळतं आहे हे इंदूलाही कळत होतं. आमच्या घरी अशाच रीतीने बऱ्याच गोष्टी कळत असत.

परतताना टॅक्सीत इंदू खिडकीबाहेर पाहत होती. मी काहीतरी करावं असं तिला बहुतेक वाटत असेल, निदान हातावर हात तरी ठेवावा. मी ठेवला नाही. आणि एक गोष्ट आता लिहूनच टाकतो: त्या टॅक्सीत मला भीतीच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. आता कोणी मला "बोला ना काहीतरी" म्हणणार नव्हतं. डॉक्टरांनीच रजा दिली होती.

*

आमची मुलगी मालू तेव्हा सात वर्षांची होती. आमचं घर भवानीपुरात, दुसऱ्या मजल्यावर. तिला काय सांगायचं हा प्रश्न त्याच संध्याकाळी उभा राहिला. मी कागदावर लिहिलं, "जहाजावर गेलो म्हणून सांग."

गोदीत नोकरी करणाऱ्या माणसाने आपल्या मुलीला सांगू नये असं खोटं असेल तर ते हेच. दुसऱ्या एखाद्या मुलीने ते ऐकून सोडून दिलं असतं. मालूला लहानपणापासून मीच शिकवलं होतं की जहाज गेलं की ते कुठे गेलं, कधी पोचलं, कधी परत येणार, हे सगळं कोणाला तरी ठाऊक असतं. तिने पहिल्याच दिवशी आईला विचारलं, "कुठलं जहाज?" मग खिदिरपूरच्या पुलावरून जाताना जितकी धुराडी दिसतील तितक्यांबद्दल ती विचारू लागली. इंदूला जहाजांमधलं काही कळत नसे. खोटं मी सांगितलं होतं. ते रोज सांभाळायचं काम तिच्याकडे आलं.

*

आमचं इस्पितळ शहराच्या दक्षिणेला होतं. वॉर्डाच्या मागे तळं, तळ्याच्या पायऱ्यांवर भांडी घासणाऱ्या बायका, पलीकडे नारळ. माझी खाट खिडकीजवळ होती, ही पहिली मेहेरबानी. सकाळी थर्मामीटर, दूध, इंजेक्शन. ज्या इंजेक्शनांनी पुढे माझा जीव वाचवला त्यांची खोकी परदेशातून बोटीने येत. त्यातली काही मी स्वतः गोदीत उघडून पाहिली होती आणि ते औषध कशावरचं ते न विचारता पुढे पाठवली होती. मग जेवण, मग दुपारची सक्तीची विश्रांती. तेव्हा वाचायचं नाही, उठून बसायचं नाही, कुशीसुद्धा बेताने बदलायची. भीती येई ती त्या वेळी. छताकडे पाहत पडलेली वीस-बावीस माणसं, आणि प्रत्येकजण आपल्याच श्वासाचा आवाज ऐकत असलेला.

गिळताना घशात काचेचा चुरा असल्यासारखं वाटे. एका सिस्टरने युक्ती शिकवली: खाटेवर पालथं पडायचं, डोकं कडेबाहेर काढायचं आणि खाली ठेवलेल्या पेल्यातलं दूध नळीने ओढायचं. तसं प्यायलं की कमी दुखतं. ज्यांना आज हा त्रास आहे त्यांनी लाजू नये, करून पाहावं. इंदूने मला तसं पिताना एकदा पाहिलं आणि ती मागच्या तळ्याकडे बघत उभी राहिली.

बोलण्यासाठी मला एक पाटी मिळाली. शाळेतल्या मुलांची असते तशी, लाकडी चौकटीची.

शेजारच्या खाटेवर एक वयस्क शाळामास्तर होते, पूर्व बंगालातल्या बारीशालचे. फाळणीनंतर घरदार सोडून आलेले. सगळा वॉर्ड त्यांना मास्टरमोशाय, म्हणजे गुरुजी, म्हणायचा. मी पहिल्या दिवशी पाटीवर लिहून माझी अडचण सांगितली तेव्हा ते खाटेवर उठून बसले.

"म्हणजे तुम्ही ऐकणार आणि बोलणार नाही?"

मी मान हलवली.

"मोशाय, सबंध आयुष्य मी असा एक विद्यार्थी शोधत होतो. शेवटी क्षयाच्या वॉर्डात सापडला."

त्यांना अर्धवट हिंदी येत होतं, मला कामापुरतं बंगाली. त्यांनी मला त्यांच्या गावातलं प्रत्येक तळं, तळ्यातला प्रत्येक मासा आणि तो मासा चोरणारा प्रत्येक शेजारी सांगितला.

*

इंदू आठवड्यातून दोनदा येई. ट्राम, मग बस, मग बराच रस्ता पायी. मालूला खालच्या मजल्यावरच्या बंगाली बोउदींकडे, म्हणजे वहिनींकडे, ठेवून. लहान मुलांना वॉर्डात येऊ देत नसत.

मी पाटीवर लिहायचो, "ताप नाही. दूध घेतलं." ती वाचायची. मग आम्हा दोघांना काही सुचायचं नाही. ती उशीचा अभ्रा नीट करायची, पाण्याचं भांडं सरकवायची, पुन्हा मूळच्या जागी ठेवायची. इतका वेळ प्रवास करून आलेल्या बाईला मी दोन ओळींत वाटेला लावत होतो. त्यातली एक दुधाबद्दल.

एकदा ती म्हणाली, "मालू विचारते, जहाजावर बाबा करतात तरी काय? काय सांगू तिला?"

मी पेन्सिल उचलली आणि लिहिलं, "जहाजावर एक बोका आहे."

का लिहिलं, माहीत नाही. मी आयुष्यात गोष्ट लिहिली नव्हती. पण ते वाक्य लिहिल्यावर त्याच्या पुढचं दिसायला लागलं. पिवळा बोका, स्वयंपाक्याचा लाडका, एका उंदरामागे खिदिरपूरच्या जेट्टीवर उतरतो आणि तेवढ्यात जहाज सुटतं. मी बारीक अक्षरांत पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या. इंदूने ओठ हलवत एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

वॉर्डातली कुठलीही वस्तू घरी न्यायची नाही, कागदाचा कपटाही नाही, असा नियम होता. म्हणून तिने गोष्ट पाठ केली. लहानपणी स्तोत्रं पाठ केलेली बाई. तिला ते अवघड नव्हतं. मग ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि म्हणाली, "पुढचं रविवारी?"

*

ज्यांना दीर्घ आजार आहे त्यांना मी उपदेश करणार नाही. मला तो कोणी केला असता तर मी भिंतीकडे तोंड फिरवलं असतं. फक्त मला काय झालं ते सांगतो.

तोवर माझा दिवस थर्मामीटरभोवती फिरत होता. पारा वर की मी खाली. आता दुपारच्या विश्रांतीत मला काम मिळालं. जहाजं बांधायच्या लोखंडी खुंटावर बसून बोका येणाऱ्या प्रत्येक जहाजाला विचारतो, "आमचं जहाज दिसलं का?" रंगूनहून तांदूळ आणणारं जहाज त्याला काय उत्तर देईल? चिनी खलाशी त्याला काय खाऊ घालेल? पालथा पडून दूध ओढताना मी याच विचारात असे, आणि पेला रिकामा झाल्यावर नळीतून नुसता आवाज येऊ लागला की लक्षात येई, संपलं वाटतं. घसा तेवढाच दुखत होता. मी मात्र त्या वेळी तिथे नव्हतो.

वजन थोडं वाढलं. ते इंजेक्शनमुळे, हे मला समजतं. पण इंजेक्शन घेणारा माणूस उद्याची वाट पाहत होता की नाही, यानेही काही फरक पडत असावा. डॉक्टरांना लिहून विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, "लिहीत राहा. त्याची मात्रा जास्त झाली तरी चालते."

मास्टरमोशायांनाही बोका हवा असे. इंदू पुटपुटत पाठ करत असताना ते कान देत, हिंदीच्या आधाराने निम्मंशिम्मं समजून घेत, आणि ती गेली की मला म्हणत, "तुमचा बोका फार विचार करतो. खातो कधी?"

*

हिवाळ्यात नवी एक्स-रे प्लेट आली. ती पाहिल्यावर डॉक्टरांनी इंदूला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. मला काचेतून दोघं दिसत होती. ती खाली मान घालून ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आत येऊन म्हणाली, "थोडे दिवस जास्त लागतील म्हणाले."

मी ठरवलं की मी मरणार. आणि मालूची तयारी करायला हवी. ते काम गोष्टीने करावं.

पुढच्या भेटीसाठी मी बोक्याचा शेवट लिहिला. पावसाळाभर तो त्या खुंटावर बसून राहतो, वाळत जातो, कोणाच्या घरी जात नाही. आणि ज्या दिवशी त्याचं जहाज परत येतं, त्या दिवशी खुंट रिकामा असतो. स्वयंपाकी हाका मारतो. जहाज पुन्हा निघून जातं. मला ते फार चांगलं जमलं आहे असं वाटलं. लिहिताना रडू आलं. खरं सांगायचं तर ते रडू मला आवडलं.

इंदूने वाचलं. एकदाच. मग फडकं घेतलं आणि दोन्ही बाजू स्वच्छ पुसल्या.

"हे मी नेणार नाही."

मी लिहिलं, "का?"

"मालू झोपायची नाही रात्र रात्र." तिने फडकं पिळलं. "आणि दुसरं म्हणजे, बोका जेट्टीवर नाहीच आहे आता."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"पावसात बसलाय म्हटल्यावर ती रडायला लागली. म्हणून मी त्याला मासेवालीच्या मागून पुलावरून घरी आणला. आपल्या जिन्यात राहतो. बोउदींकडचा इलिश मासा चोरतो. रविवारी तेवढा जेट्टीवर जाऊन चौकशी करून येतो." तिचा स्वर हळूहळू खाली गेला. "तुम्ही लिहिता ते सगळं वाचते मी. पण ट्राममध्ये बसले की मनात बदलत जाते. काय करू? घरी ती दारात उभी असते."

तेव्हा मी ओरडलो. कित्येक महिने ज्या घशातून एक अक्षर काढलं नव्हतं, त्यातून.

"गोष्ट माझी आहे! मरणारा मी आहे, तर शेवट मी ठरवणार!"

जाड कापड फाटावं तसा आवाज आला आणि तोंडात रक्ताची चव आली. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता. इंदूने पाटी माझ्या उशाशी उभी करून ठेवली, पिशवी उचलली आणि ती गेली. तिने पाऊलसुद्धा घाईने टाकलं नाही.

बऱ्याच वेळाने मास्टरमोशाय म्हणाले, "आवाज चांगला आहे तुमचा. चुकीच्या माणसावर खर्च केलात."

*

तो आवाज पुन्हा आला नाही. आता माझ्या तोंडातून निघतो तो नुसता वारा. जवळच्या माणसाला कळतो, रस्त्यावर कोणाला ऐकू जात नाही. डॉक्टर म्हणाले, ओरडला नसतात तरी कदाचित हेच झालं असतं. 'कदाचित' त्यांनी दयेने म्हटलं असावं. मी त्याचा आधार घेत नाही.

पण मला टोचतं ते आवाज गेल्याचं नाही. आयुष्यभर न बोललेला नवरा मी. डॉक्टरांनी बंदी घातल्यावर ती मोडून बोललो, आणि बोललो तर हे. बायकोला म्हणायला माझ्याकडे तेवढंच होतं.

त्यानंतरच्या भेटीच्या दिवशी ती आली नाही. घंटा झाली, लोक आले, डबे उघडले गेले. माझ्या खाटेजवळचं स्टूल दुसऱ्या कोणाच्या तरी नातेवाइकांनी मागून नेलं. मास्टरमोशायांकडे कधीच कोणी येत नसे. त्या दिवशी आम्ही दोघं बरोबरीचे होतो.

"एक सांगा," ते म्हणाले. "तुमच्या बायकोच्या गोष्टीतला बोका इलिश खातो. खरं ना?"

मी मान हलवली.

"आणि तुमचा उपाशी बसून राहतो. मग मुलीने कोणता बोका पाळायचा?"

मी पाटी भिंतीकडे वळवून ठेवली. पण प्रश्न ऐकलेला होता.

इंदू त्याच्या पुढच्या भेटीला आली, पातळ रव्याची खीर घेऊन. मी सकाळपासून पाटीवर क्षमा मागून मागून पुसत होतो. "चुकलो" लिहिलं तर शाळेत शिक्षा झाल्यासारखं दिसे. "माफ कर" लिहिलं तर सिनेमातल्यासारखं. शेवटी मला खरोखर काय हवं आहे ते लिहिलं.

"बोका आता काय करतो?"

तिने वाचलं. खिरीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"खरंच ऐकायचंय?"

मी मान हलवली.

ती सांगू लागली. आधी चाचरत, दाराशी आलेल्या माणसाला निरोप सांगावा तसं. बोक्याला सर्दी झाली. शिंकतो म्हणून त्याला कोणी घरात घेईना. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, सगळ्या मांजरींना बोलावणं गेलं, याला उशिरा गेलं. तो नटूनथटून गेला तर दारातच त्याच्या पंजावर तिळगूळ ठेवला. कुंकू लावताना यजमानीणबाईंनी हात लांब केला, अगदी लांब, अंगाला अंग लागू नये म्हणून. दुसऱ्या घरून तर वाण मोलकरणीच्या हातीच आलं, आणि तिने ते उंबऱ्याबाहेर ठेवलं. बोका म्हणाला, बरं झालं, तेवढाच जिना चढायचा वाचला.

ती हे हसून सांगत होती. मास्टरमोशायही हसले. मी हसू शकलो नाही.

आमची मराठी मंडळी कलकत्त्यात ती केवढीशी. सणावारी एकमेकांकडे जाणं, एवढंच इंदूचं माहेर होतं इथे. त्या बायकांशी ती मराठीत पोटभर बोलायची. माझ्या आजाराने ते बंद झालं होतं आणि मला पत्ता नव्हता. तिने सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. ती ते बोक्याला सांगत होती. मालूला रिझवायची गोष्ट ट्राममध्ये बदलताना ती आपलं स्वतःचंही काहीतरी मार्गाला लावत होती. आणि मी म्हणालो होतो, गोष्ट माझी आहे.

मी पाटीवर लिहिलं, "कोणाकडे?"

"जाऊ द्या. बोक्याने नाव नाही घेतलं."

*

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून लिहू लागलो. ती घरून बोक्याची खबर आणी, मी त्यावर पुढचं लिही, ती ते ट्राममध्ये बदले, मालू आणखी बदले. पुढच्या भेटीला माझंच वाक्य माझ्याकडे असं काही परत येई की मी ओळखत नसे. मला त्याचा राग येईनासा झाला. पूर्णपणे नाही, हेही सांगून टाकतो. एखादं वाक्य चांगलं साधलेलं असे आणि ते गळालेलं दिसे, तेव्हा मी थोडा वेळ घुम्यासारखा पडून राही.

मास्टरमोशाय म्हणाले, "मला घ्या की गोष्टीत. फुकट ऐकतोय."

इंदूने त्यांना घेतलं. बारीशालच्या स्टीमरवरून एक मास्तर उतरतात, छत्री हरवलेले, आणि बोक्याला व्याकरण शिकवतात. बोका शिकत नाही. मास्तर चिडतात आणि माशाचं डोकं त्याला देऊन टाकतात. स्वतः मास्टरमोशायांनी यात एक दुरुस्ती सुचवली: माशाचं डोकं बारीशालचा माणूस कोणालाही देणार नाही. म्हणून मग शेपूट.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मी झोपेतून उठलो तर त्यांची गादी गुंडाळलेली होती आणि सिस्टर खिडकी उघडत होती. इंदू आली तेव्हा तिने खाट पाहिली आणि ती त्या खाटेकडे पाठ न करता, तिरकी बसली.

मी लिहिलं, "मास्तरांना स्टीमरने परत पाठवू. मालूला कळणार नाही."

"नको," ती म्हणाली. "बोक्याला मी मरू दिलं नाही, कारण तो मेला नव्हता. मास्तर गेलेत. सांगायला हवं."

मला वाटत होतं की ती फक्त गोड करून सांगते. तसं नव्हतं. खोटं काय आणि गोष्ट काय यातला फरक तिला माझ्यापेक्षा आधीपासून नीट कळत होता.

पुढच्या भेटीला तिने जे घडलं ते सांगितलं. मालूला पाटावर बसवून ती म्हणाली होती, "मास्तर वारले."

मालूने पाटाची कड नखाने खरवडली. मग विचारलं, "बाबांच्या शेजारच्या खाटेवरचे ना?"

इंदूच्या हातातली वाटी तशीच राहिली. "तुला कोणी सांगितलं?"

"जिन्यात सगळे बोलतात. बाबा जहाजावर नाहीत. ते हासपाताल्यात आहेत."

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"मग इतके दिवस विचारलं का नाहीस गं?"

मालू म्हणाली, "मग तुम्ही गोष्ट थांबवली असती."

इंदू हे मला सांगत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज अगदी स्थिर होता. मी हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला. इतक्या महिन्यांनी. वॉर्डात सगळ्यांदेखत.

*

शेवटी मला घरी सोडलं. बरा झालो असं कोणी म्हणालं नाही. "शांत आहे" म्हणाले, आणि आमच्या आजारात तो मोठा शब्द आहे. आजही मला ठरावीक दिवसांनी जावं लागतं, प्लेट काढावी लागते, आणि ती वाळेपर्यंत बाकावर बसावं लागतं. त्या बाकाची सवय होत नाही. ज्यांना वाटतं की एक दिवस भीती जाईल, त्यांना मी खोटा धीर देत नाही. ती जात नाही. तिच्या शेजारी बसून दुसरं काहीतरी करता येतं.

घरी मला रस्त्याकडची खोली दिली. माझी ताटवाटी वेगळी, टॉवेल वेगळा. मालूने खोलीत यायचं नाही, उंबऱ्यापाशी बसायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती पहिल्या संध्याकाळी तिथे उभी राहिली. उंच झाली होती. दोन वेण्या. मी कोणी पाहुणा आहे असं बघत होती.

मी म्हणालो, "मालू, ये." नुसता वारा निघाला.

"ऐकू येत नाही," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

आता घरात कागद चालत होता. मी वही घेतली आणि लिहिलं. इंदूने ती तिच्याकडे दिली, आणि मालू मोठ्याने वाचू लागली, अक्षराला अक्षर जोडत. शाळा बंगाली, मैत्रिणी बंगाली. तिचं मराठी घरापुरतं. 'अ'चा गोल 'ओ' होत होता. मी लिहिलेली वाक्यं त्या उच्चारांत मी पहिल्यांदाच ऐकली. माझा स्वतःचा आवाज इतका चांगला कधीच नव्हता.

तिने वाचायचं थांबवलं आणि विचारलं, "बाबा, बोक्याचं जहाज परत येणार का?"

ती काय विचारते आहे ते आम्हा तिघांनाही कळलं. इंदू स्वयंपाकघराच्या दारात होती, तिथेच थांबली. या प्रश्नाचं उत्तर मी एकदा पाटीच्या दोन्ही बाजू भरून लिहिलं होतं आणि ते तिने पुसलं होतं. आता ती पुसायला पुढे आली नाही. येईल, असं लिहिणं सोपं होतं. येणार नाही, हे तर मला पाठच होतं.

मी लिहिलं, "ठाऊक नाही. आज तो चौकशीला गेलाच नाही. घरी त्याला काम होतं."

मालूने ते हळूहळू वाचलं. परत एकदा वाचलं. मग स्टूल ओढून उंबऱ्याच्या अगदी कडेला, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या थोडं अलीकडे, आणून ठेवलं आणि त्यावर मांडी घालून बसली.

"काय काम?" तिने विचारलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "लिहा."